एकच सिराझ, दोन रानं : माळाची वाइन आणि काळ्या रानाची वाइन

माळावरचा :

धागा लांब होणार आहे. चार वर्षं जे डोक्यात घोळत होतं ते यंदा पहिल्यांदा नीट उलगडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची बाग खानापूर तालुक्यात, विट्याच्या पूर्वेला. आबांच्या काळापासून बेदाण्याची. आठ वर्षांपूर्वी धाकट्या भावानं हट्ट धरला म्हणून दीड एकर सिराझ हे लाल वाइनचं द्राक्ष लावलं. एक एकर वर माळावर, तिथं हातभर मातीखाली मुरूम लागतो. अर्धा एकर खाली ओढ्याकाठच्या काळ्या रानात, तिथं पहार पुरी आत गेली तरी काळंच निघतं. बाकी सगळं सारखं: खुंट (ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो) डॉगरीज, काड्या एकाच बागेतल्या, पाणी टेंभू योजनेचं, वाय सांगाडा, फवारणी एकाच ब्लोअरनं.

वाइन आम्ही घरी करत नाही. ओळखीच्या परवानाधारक वायनरीत दोन टाक्या भाड्यानं घेतो आणि हंगामात घरची माणसं पाळीपाळीनं तिथं मुक्काम करतात. पहिली तीन वर्षं दोन्ही रानांचा माल एकाच टाकीत घातला, दहा दिवस सालीवर ठेवला, दाबला. दोन वर्षं बरं निघालं. तिसऱ्या वर्षी वाइन सहा महिन्यांत विटकरी पडली आणि तिला गोठ्यासारखा वास मारायला लागला. तपासणीत ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट निघालं. सगळी ओतून द्यावी लागली. आई त्या रात्री जेवली नाही.

यंदा रानं वेगळी ठेवली. माळाची तोड १७ फेब्रुवारीला, काळ्या रानाची १ मार्चला, दोन्ही पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात. माळाचा रस: ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २३.८, आम्लता लिटरला ६.२ ग्रॅम, पीएच ३.५५. काळ्या रानाचा: ब्रिक्स २३.२, आम्लता ५.१, पीएच ३.८८. शंभर मणी तोलले तर माळाचे ११० ग्रॅम आणि काळ्याचे १६५. माळाचा मणी तोंडात टाकला की साल चावावी लागते, जीभ आक्रसते, बी भाजल्या शेंगदाण्यासारखं कुरकुरतं. काळ्याचा मणी पाणीदार, गोड. साल जिभेवर विरते आणि बी चावलं तर हिरवं, कडवट.

एकाच वेलीची ही दोन लेकरं इतकी वेगळी का, आणि टाकीत त्यांना कसं वागवायचं, यावर जाणकारांनी लिहावं. मी काय केलं ते खाली सांगतोच.

बेदाणेवाला :

दादा, आमच्या तासगावाकडं हिशेब उलटा हाय बघा. काळं रान म्हंजे भरलेला घड, फुगलेला मणी, जास्त टन. माळावर लावतो ते दुसरं रान नसतं म्हणून. तुमचं वाचून कोड्यात पडलो. बारका मणी चांगला कसा काय?

माळावरचा :

खायच्या द्राक्षात मणी फुगवायला आपण जीए (जिब्रेलिक आम्ल) या संजीवकात घड बुडवतो, वाइनच्या द्राक्षाला तो हातच लावायचा नाही. सिराझचा गर पांढरा असतो, रस काढला तर जवळजवळ पाण्यासारखा. लाल रंग, तुरटपणा, वासाचा बराच भाग सालीत. मणी बारका असला की तेवढ्याच रसाला साल जास्त मिळते. माझ्या माळावर एकरी तीन टन निघाले, काळ्या अर्ध्या एकरात अडीच. बेदाण्याच्या हिशेबानं माळ तोट्यात, हे खरंच आहे.

प्रयोगवही :

मी मृद्‌शास्त्रात काम करते, माझं माहेर कवठेमहांकाळ. मातीचं मी लिहिते, टाकीचं दुसरं कुणी लिहावं.

आधी एक गैरसमज. दगडाची चव वाइनमध्ये उतरत नाही. बेसॉल्टचा स्वाद, चुनखडीचा स्वाद असं लोक बोलतात, पण मुळं खडक चोखत नाहीत. पाण्यात विरघळलेले आयन तेवढे घेतात, आणि त्यातून दगडाची चव येत नाही. माती काम करते ती पाण्यातून, नत्रातून, पोटॅशमधून आणि मुळांच्या खोलीतून.

पाण्याचं पाहा. तुमच्या मुरमात ओल टिकत नाही. मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे मणी मऊ पडून रंगायला लागतो, त्या सुमारास वेलीला हलका ताण बसतो, शेंडा थांबतो, आणि पानात बनलेली साखर नव्या फुटीऐवजी घडाकडं जाते. काळ्या रानात तो ताण बसतच नाही. शेंडा चालत राहतो, पानांची दाटी होते, घड सावलीत राहतो, रंग कमी चढतो, बी उशिरा पिकतं. फ्रान्समधल्या बोर्दोचे जेरार सेगाँ यांनी तिथल्या नावाजलेल्या मळ्यांच्या माती तपासल्या. १९८६ सालच्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा, की या मळ्यांत खडक एक नाही, रसायन एक नाही. समान आहे ते वेलीला पाणी बेताबेतानं देणारी जमिनीची रचना. तिथल्या मेडोक भागात ते काम गोट्यांची जमीन करते.

म्हणून काळ्या रानाला नावं ठेवायची घाई करू नका. बोर्दोच्याच पोमेरोल भागातला पेट्रुसचा मळा जड, फुगणाऱ्या चिकणमातीवर आहे आणि तिथली मर्लो द्राक्षाची वाइन जगभर नावाजलेली आहे. ती माती स्मेक्टाइट गटातली, आपल्या रेगुरातही मुख्य माती त्याच गटाची. फरक हा, की तिथं ठिबक नाही. जड माती पाणी धरून ठेवते आणि सुकत आली की मुळांना सहज सोडत नाही, म्हणून तिथंही ताण बसतो. आपण काळ्या रानात रोज दोन तास ठिबक चालवतो आणि जमिनीचा हा गुण स्वतःच्या हातानं मारून टाकतो.

आता माझा प्रश्न. पाणी उतरल्यावर ०-०-५०, म्हणजे पोटॅशचं खत, किती सोडलंत?

माळावरचा :

ताई, तुम्ही नेमकं ओळखलंत. दोन्ही रानांत सारखंच सोडलं, बेदाण्याला सोडतो तसंच. गोडी वाढते म्हणून आबा सोडायचे, आम्ही सोडतो. देठ परीक्षण कधी केलं नव्हतं. यंदा केलं तर काळ्या रानात पोटॅश गरजेपेक्षा बरंच वर निघालं.

प्रयोगवही :

तिथंच तुमच्या ३.८८ चं मूळ आहे. पोटॅश मण्यात जातं, विशेषतः सालीत साठतं. रसात ते टार्टारिक आम्लाला धरतं आणि त्याचे स्फटिक होऊन तळाला बसतात; टाकीच्या भिंतीला खडीसाखरेसारखं चकाकतं ते हेच. आम्ल असं निघून गेलं की पीएच चढतो. त्यात डॉगरीज खुंट जोमदार आणि पोटॅश ओढण्यात पुढं. मार्चचं ऊन लागलं की मॅलिक आम्ल मण्यातल्या मण्यातच जळतं, ते वेगळंच. माळावर ११० आर खुंटाचा विचार करता येईल, तो पाण्याच्या ताणाला टिकतो आणि वेल डॉगरीजइतकी माजू देत नाही. काळ्या रानात ओळींच्या मध्ये चवळी किंवा ताग पेरा आणि पाणी उतरायच्या आधी त्यांना जमिनीतली जादा ओल पिऊ द्या.

गोदाकाठची :

नाशिकला एका छोट्या वायनरीत अकरा वर्षं टाक्यांवर आहे. प्रयोगवही यांनी पीएच का चढला ते सांगितलं. चढल्यावर काय होतं ते मी सांगते, कारण तुमच्या ओतून दिलेल्या वाइनची गोष्ट त्यातच आहे.

वाइन जपण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घालतो. पण जंतूंवर चालतो तो त्याचा एक छोटा अंश, आणि तो अंश किती हे पीएच ठरवतो. ३.४ ला मोकळ्या सल्फरपैकी सुमारे अडीच टक्के कामाचे असतात, ३.८ ला जेमतेम एक टक्का. म्हणजे लिटरला २४ मिलिग्रॅमनं जे राखण ३.४ च्या वाइनला मिळतं, त्यासाठी ३.८ च्या वाइनला ६० च्या आसपास लागतील. तुम्ही दोन्ही एकत्र केलीत, माळाच्या अंदाजानं सल्फर घातला, आणि ब्रेटला, म्हणजे त्या ब्रेटानोमायसिसला, दार उघडं राहिलं. चढ्या पीएचला रंगही लालाचा विटकरी व्हायला लागतो. तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडंही एक टाकी अशी गेलीय, त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

यंदा टाकीत काय केलंत ते तारीखवार लिहा.

माळावरचा :

ताई, वहीतून उतरवतो.

माळाचा माल: देठ काढून, मणी अर्धवट फोडून टाकीत. यीस्ट घातल्यावर दुसऱ्या दिवशी सालीची टोपी वर आली. पहिले पाच दिवस दिवसातून तीन वेळा टोपी खाली दाबली, नंतर एकदाच. तापमान २७ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सडक्या अंड्याचा वास सुटला. भाऊ घाबरला. टाकीखालून रस काढून, हवा लागेल असा वरून सोडला, यीस्टचं खाद्य दिलं, दोन दिवसांत वास गेला. बारा दिवसांनी दाबली.

काळ्याचा माल: पहिल्याच दिवशी दहा टक्के रस काढून घेतला, म्हणजे उरलेल्याला सालीचं प्रमाण वाढावं. लिटरला दीड ग्रॅम टार्टारिक आंबायच्या आधीच घातलं. २४ अंशांवर ठेवली आणि सहाव्या दिवशी दाबली. काढलेला रस लहान टाकीत वेगळा थंड आंबवला.

गोदाकाठची :

काळ्याला सहाव्या दिवशी दाबलीत हे फार बरं केलंत. सिराझचा रंग पहिल्या चार ते सहा दिवसांत बहुतेक उतरतो. पुढं अल्कोहोल वाढत जाईल तसा बियांचा तुरटपणा बाहेर येतो, आणि तुमच्या काळ्या रानाचं बी हिरवं होतं. शिवाय साल जितके दिवस जास्त, तितकं पोटॅश जास्त. माळाच्या बिया पिकलेल्या, तिला बारा दिवस सोसले.

सडक्या अंड्याच्या वासाचं मूळही जमिनीत सापडेल. मुरमात नत्र कमी, म्हणून रसात यीस्टला खायला कमी. लिटरला १४०-१५० मिलिग्रॅमच्या खाली वापरण्याजोगं नत्र असलं की यीस्ट उपाशी पडतं आणि असा वास सोडतं. तोडीच्या जवळ भुरी रोगासाठी गंधक धुरळलं असेल तरीही हे होतं. पुढच्या वर्षी रसाचं नत्र आधीच तपासा आणि खाद्य दोन हप्त्यांत द्या. काळ्या रानात ही अडचण सहसा येणार नाही.

एक विचारते: मॅलोलॅक्टिक झालं का?

माळावरचा :

दोन्हीत झालं. घरच्यांना ते मी विरजणावरून समजावलं. मॅलिक आम्ल कच्च्या कैरीसारखं बोचतं, जिवाणू त्याचं लॅक्टिक करतात, ताकातलं आम्ल. आईला ते एका वाक्यात पटलं. माळाचा पीएच ३.५५ वरून ३.६८ झाला. काळ्याचा टार्टारिकनं ३.७ ला आणला होता, तो परत ३.८१. तुमचं सल्फरचं गणित वाचून काळ्याचा डोस त्याच संध्याकाळी तपासून वाढवला.

दूरचा_मिरजकर :

मी नोकरीनिमित्त सिसिलीत कातानियाला असतो. मूळचा मिरजेचा. इथं एटनाच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझे नावाचं लाल द्राक्ष होतं आणि जमीन बेसॉल्टचीच. पहिल्यांदा मळ्यात गेलो तेव्हा काळा दगड बघून आपल्या माळाची आठवण आली. पण हातात घेतली तर माती वाळूसारखी सुटी. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, झिजून त्याची चिकण काळी माती झालीय. इथला त्या मानानं अगदी ताजा, काही ठिकाणी तर काही शतकांपूर्वीचा. त्या वाळूत वेलीची मुळं खाणारी फिलॉक्झेरा कीड टिकत नाही, म्हणून इथं खुंटाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभे जुने वेल आहेत.

आणि एक गंमत वाटली ती लिहितो. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी बोर्डो मिश्रण म्हटलं तर त्यानं मान डोलावली. मोरचूद आणि चुना. बोर्दोच्या मिलार्देनं १८८५ साली द्राक्षाच्या डाऊनी रोगावर शोधलेलं औषध, आणि आपल्या गावातल्या प्रत्येक शेडमध्ये त्याचं पिंप.

हरिपूरचा :

विषय वाचून राहवलं नाही. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत हे सांगलीकरांना माहीत आहे. जमिनीखाली खोल, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं राहायची. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठची ती माती अशी, की पेवात पाणी झिरपत नाही आणि कीड लागत नाही. २००५ च्या महापुरानं बरीच पेवं गेली. जॉर्जियात मातीचे रांजण जमिनीत पुरून वाइन करतात असं वाचलंय. आपल्या पेवात करता येईल का?

गोदाकाठची :

जॉर्जियाचे ते क्वेव्री. त्या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. पण तिथं भट्टीत भाजलेला रांजण असतो, आतून मेणानं माखलेला, आणि वाइन जमिनीला शिवतच नाही. जमिनीचं काम फक्त गारवा देण्याचं. पेव म्हणजे नुसती माती, रस त्यात टिकणार नाही. रांजण पेवात उतरवला तर वेगळी गोष्ट, पण धुणार कसा? क्वेव्री धुणं हे तिथंही कौशल्याचं काम मानतात.

हरिपूरचा :

बरोबर. अजून एक आठवलं. आजोबा पेव उघडल्यावर लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत. तोंड उघडं ठेवायचे आणि मग कंदील सोडायचे. विझला की थांबायचं.

गोदाकाठची :

हे सगळ्यांनी दोनदा वाचा. आंबणाऱ्या टाकीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. चोथा काढायला टाकीत माणूस उतरतो तेव्हा याच वायूनं जीव जातात. आजोबांचा नियम त्या काळी मोलाचा होता, पण दिव्यावर आता विसंबू नका. ज्योत जळत असतानाही हा वायू माणसाला भोवळ आणण्याइतका असू शकतो. पंखा लावा, मीटरनं तपासा, वर एक माणूस उभा ठेवा, दोरी बांधा. घरची माणसं राबतात तिथं तर हे आधी.

माळावरचा :

ताई, आमच्याकडं मीटर नव्हता. भाऊ काल सांगलीहून घेऊन आला.

नवखा_पलूस :

आमच्या गावाजवळच वाइन पार्क आहे, पण आत कधी गेलो नाही. घरच्या काळ्या द्राक्षाची काचेच्या बरणीत थोडी करून बघू का?

माळावरचा :

मित्रा, परवान्याशिवाय करू नकोस. महाराष्ट्र दारूबंदी कायदा (पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा) १९४९ चा आहे आणि घरगुती म्हणून सूट आहे असं धरून चालू नकोस. शिकायचं असेल तर हंगामात एखाद्या वायनरीत पंधरा दिवस कामाला लाग. मी तसाच शिकलो. शिवाय शरद सीडलेससारख्या खायच्या काळ्या द्राक्षात तो तुरटपणा मिळत नाही.

बेदाणेवाला :

लाकडी पिंपात ठेवणार का दादा? आणि आमच्या उन्हाळ्यात ती पिंपं टिकतील का?

माळावरचा :

एकच जुनं पिंप घेतलंय, २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्या. माळाची थोडी वाइन त्यात. नव्या पिंपाचा वास आमच्या वाइनवर कुरघोडी करेल आणि तेवढे पैसेही नाहीत. वाफ होऊन कमी होतंच, दर पंधरवड्याला वरून भरतो, नाहीतर हवेमुळं आंबटपणा धरतो. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असताना खोली अठरावर ठेवायचं वीजबिल हा आमचा सगळ्यात मोठा खर्च ठरला.

गाळायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात, ते आईला चालणार नव्हतं. काळ्याला थोडं बेंटोनाइट वापरलं. प्रयोगवही ताईंचं वाचल्यावर लक्षात आलं, की बेंटोनाइट म्हणजेही त्याच स्मेक्टाइट गटातली माती. ज्या मातीनं ती वाइन पातळ केली, तिच्याच बहिणीनं ती निवळली.

माळावरचा (पाच महिन्यांनी) :

धागा वर काढतोय, कारण काल घरात बसून चव घेतली. आबा, आई, भाऊ, वहिनी आणि मी. पेल्यांवर नुसते आकडे.

माळाची: गडद जांभळी, मिऱ्याचा वास, तोंडात घट्ट, शेवटी हिरड्या धरते. आबा म्हणाले, चांगली आहे पण बसू देत नाही. काळ्याची: रंग फिका, वास गोड फळाचा, मधे मऊ, शेवटी काहीच नाही. मग माळाच्या वाइनमध्ये काळ्याची दहा, वीस आणि तीस टक्के मिसळून पाहिली. वीसला मधला खड्डा भरला आणि पकड राहिली. तीसला माळ हरवला. पाचही जणांनी न बोलता वीसचाच पेला पुढं सरकवला. बाटल्या त्याच भरणार.

पण सगळ्यात जास्त संपला तो सहावा पेला. काळ्या रानातून पहिल्या दिवशी काढलेला दहा टक्के रस, थंड आंबवलेला, फिका गुलाबी. स्वच्छ, हलका, आंबटगोड. आम्ही तो टाकाऊ समजत होतो.

म्हणून पुढच्या हंगामात काळ्या अर्ध्या एकरातून लाल वाइन करायची नाही असं ठरलं. मार्चपर्यंत थांबायचं नाही, २०-२१ ब्रिक्सला फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच तोडायचं, आम्ल शाबूत असताना, आणि सगळ्याची रोझे, म्हणजे फिकी गुलाबी वाइन, करायची. सालीवर फार दिवस ठेवायचं नाही म्हणजे हिरव्या बियांचा आणि सालीतल्या पोटॅशचा प्रश्न बराचसा मिटतो. दोन ओळी तेवढ्या लालसाठी उशिरा ठेवायच्या, वीस टक्क्यांपुरत्या. ०-०-५० देठ परीक्षणाशिवाय सोडायचं नाही. चवळीचं बी आणलंय.

बेदाणेवाला :

दादा, माझ्याकडं मणेराजुरीच्या वरच्या अंगाला दोन एकर नुसता मुरूम पडून हाय. बोअरला पाणी बेताचं. आजपतोर त्याच्याकडं बघितलं नव्हतं. माती तपासायची तर किती खोल खणू?

प्रयोगवही :

तीन फूट तरी. दर फुटाचा नमुना वेगळ्या पिशवीत घाला, एकत्र करू नका. मुक्त चुना आणि क्षार आवर्जून तपासायला सांगा, आणि खड्डा लगेच बुजवू नका. रविवारी मी माहेरी येतेय, मुळांची वाट स्वतः बघते.